पिनबॉलचे यंत्र आणि आवडीचे गणित



या व्यासपीठाची थोरवी मी जाणून आहे. येथे वेदान्तावर बोलले जाते, अर्थसंकल्पावर बोलले जाते, आणि इतिहासातील वादांवर तर फारच बोलले जाते. अशा ठिकाणी उभे राहून मी एका खेळाच्या यंत्रावर बोलणार, हे ऐकल्यावर चालकांपैकी एका गृहस्थांनी मला सौम्यपणे विचारले, "विषय जरा हलका होणार नाही ना?" मी म्हटले, "मुळीच नाही. त्या यंत्राचे वजन सव्वाशे किलोच्या घरात असते." ते हसले, आणि मला परवानगी मिळाली.

पण त्यांची शंका थट्टेवारी नेण्यासारखी नव्हती. म्हणून आरंभीच सांगतो की, यंत्र हे माझे निमित्त आहे. माझा खरा प्रश्न असा आहे की, माणसाच्या आवडीला आकडा लावता येतो काय? आणि शेकडो माणसांच्या शेकडो आवडी एकत्र करून, 'हे पहिले, हे दुसरे, हे तिसरे' असा क्रम लावला, तर त्या क्रमाला अर्थ किती? हा प्रश्न आपण रोज सोडवतो. शाळेत मुलांचे क्रमांक लावतो, नाट्यस्पर्धेत नाटकांचे लावतो, आणि या दिवसांत तर आंब्यांचेही लावतो. पण अमेरिकेतील व युरोपातील काही शौकिनांनी हाच प्रश्न पिनबॉलच्या यंत्रांच्या बाबतीत इतक्या चिकाटीने सोडवण्याचा प्रयत्न केला आहे की, त्यापासून आपल्याला पुष्कळ शिकता येईल, असे मला वाटते.

प्रथम हा खेळ कोणता ते पाहू. आपल्यापैकी अनेकांच्या घरी उन्हाळ्याच्या सुट्टीत माळ्यावरून बगाटेलचा फळा खाली उतरत असे. उतरता फळा, त्यावर खिळ्यांची कुंपणे, उजव्या हाताला स्प्रिंगचा दांडा. दांडा ओढून सोडला की गोळी वर जाई, खिळ्यांवर आपटत खाली येई आणि कोठल्या तरी घरात अडके. घराचा जो आकडा, तो आपला गुण. या फळ्याचे कूळ फ्रान्समधले. पुढे फ्रान्सचा राजा झालेल्या आर्त्वाच्या काउंटाने राणी मारी आंत्वानेत हिच्याशी पैज लावून १७७७ मध्ये पॅरिसजवळ 'बगातेल' नावाचा एक महाल अवघ्या चौसष्ट दिवसांत उभारला, आणि खेळाला नाव मिळाले ते त्या महालावरून, असे सांगतात. पुढे अमेरिकेतील सिनसिनाटी येथे स्थायिक झालेल्या माँटेग्यू रेडग्रेव्ह नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८७१ मध्ये या खेळातील सुधारणांचे पेटंट घेतले. आपल्या फळ्यावरचा तो स्प्रिंगचा दांडा त्याच्याकडून आला.

यानंतर आली १९३० च्या सुमाराची महामंदी. लोकांच्या हाताला काम नव्हते आणि खिशात नाणी थोडी होती. त्या वेळी शिकागोच्या डेव्हिड गॉटलिब याने १९३१ मध्ये 'बॅफल बॉल' नावाचे दुकानातील फळीवर मावणारे यंत्र काढले. एक पेनी टाकायची आणि मूठभर गोळ्या उडवायच्या. पाठोपाठ रेमंड मोलोनी याने 'बॅलीहू' काढले; ते इतके खपले की त्याच्या कारखान्याचे नावच 'बॅली' पडले. तेव्हापासून शिकागो ही या धंद्याची पंढरी झाली. पुढे वीज आली, दिवे आले, घंटा आल्या. यंत्राला धक्के देऊन गोळी हवी तिकडे नेणाऱ्यांचा बंदोबस्त करण्यासाठी हॅरी विल्यम्स याने लोलकाची युक्ती बसवली. यंत्र फार हलले की 'टिल्ट' हा शब्द उजळतो आणि डाव बंद पडतो.

परंतु एवढे होऊनही खेळ नशिबाचाच राहिला होता. दांडा सोडला की खेळणाऱ्याच्या हातात फारसे काही उरत नसे. १९४७ साली गॉटलिबच्या कारखान्यातील हॅरी मॅब्स याने 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात बटण दाबले की फडकणारे सहा लहान पंख बसवले. यांना फ्लिपर म्हणतात. पुढल्याच वर्षी स्टीव्ह कोर्डेक याने 'ट्रिपल ॲक्शन' या यंत्रात सहाऐवजी दोनच फ्लिपर घेतले आणि ते अगदी तळाशी बसवले. आज आपण जे पिनबॉल पाहतो त्याची मूळ मांडणी ही. सुमारे ऐंशी ग्रॅम वजनाची पोलादी गोळी उतरणीवरून खाली येते, तिला तळाच्या खड्ड्यात पडू न देता फ्लिपरने पुन्हा वर मारायची, आणि मारताना ती कोठे जावी हे ठरवायचे. यात ठरवायचे हा शब्द महत्त्वाचा आहे.

तो किती महत्त्वाचा आहे हे न्यूयॉर्क शहराच्या एका हकिगतीवरून दिसते. १९४२ मध्ये तेथील महापौर ला गार्डिया यांनी पिनबॉल हा जुगार ठरवून त्यावर बंदी घातली. पोलिसांनी यंत्रे जप्त केली, आणि स्वतः महापौरांनी घण घेऊन ती फोडली. ही बंदी चौतीस वर्षे टिकली. १९७६ मध्ये नगरपरिषदेच्या समितीपुढे रॉजर शार्प नावाच्या तरुण लेखकाला साक्षीसाठी बोलावण्यात आले. हा कौशल्याचा खेळ आहे, हे त्याने खेळून दाखवायचे होते. दोन यंत्रे आणली होती. सभासदांना पहिल्याविषयी संशय आला म्हणून त्यांनी दुसऱ्यावर खेळायला सांगितले. शार्प खेळला, आणि शेवटी म्हणाला की, आता मी दांडा सोडतो, गोळी मधल्या वाटेने खाली येईल. त्याने दांडा ओढला, सोडला, आणि गोळी मधल्याच वाटेने आली. बंदी उठली. त्या फटक्यात नशिबाचाही वाटा होता, हे पुढे शार्पनेच मोकळेपणाने मान्य केले. तो प्रामाणिकपणा मला त्या फटक्याइतकाच आवडतो.

ही हकिगत मी केवळ करमणुकीसाठी सांगितली नाही. खेळ निव्वळ नशिबाचा असता तर सर्व यंत्रे सारखीच ठरली असती. फासे लाकडाचे की हस्तिदंताचे, याने डावात फरक पडत नाही. पण खेळ कौशल्याचा आहे असे मानले की लगेच पुढला प्रश्न उभा राहतो: कोणते यंत्र कौशल्याला अधिक वाव देते? कोणत्या यंत्राची रचना चांगली? कोणते शंभर वेळा खेळूनही कंटाळवाणे होत नाही? म्हणजे यंत्रांत गुणावगुण आले, आणि गुणावगुण आले की क्रमांक आले.

आता क्रमांक लावायचे कशाने? सर्वांत सोपे माप खपाचे. जे जास्त खपले ते उत्तम. पण हे माप लावून पाहा. १९७७ साली बॅलीने काढलेले 'एट बॉल' हे यंत्र २०,२३० खपले. हा विक्रम पंधरा वर्षे टिकला. १९९२ मध्ये 'द ॲडम्स फॅमिली' आले आणि २०,२७० खपले. म्हणजे अवघ्या चाळीस यंत्रांनी विक्रम मोडला. खपाच्या मापाने ही दोघे जुळे भाऊ. पण आजच्या शौकिनांना विचारा. 'ॲडम्स फॅमिली'चे नाव घेताच त्यांचे डोळे चमकतात. त्यात पेटीतून एक हात बाहेर येतो आणि गोळी उचलून नेतो, फळ्याखाली लपवलेली लोहचुंबके गोळीला भलतीकडे ओढतात. 'एट बॉल'विषयी ते आदराने बोलतात, पण पहिल्या पंक्तीला त्याला पाट मांडत नाहीत. उलट पक्षी, १९९७ साली विल्यम्सने काढलेले 'मेडीव्हल मॅडनेस' पाहा. ब्रायन एडी याने रचलेल्या या यंत्रात मध्यभागी एक किल्ला आहे. गोळी मारून त्याचा उचलता पूल खाली पाडायचा, दरवाजा फोडायचा, की अखेर किल्ला डळमळून कोसळतो. हे यंत्र निघाले फक्त ४,०१६. 'एट बॉल'च्या एकपंचमांश. आणि तरीही शौकिनांच्या यादीत ते वर्षानुवर्षे अगदी वरच्या क्रमांकांत राहिले आहे.

याचे कारण उघड आहे. खप ठरवत होता तो यंत्राचा धनी. म्हणजे जो ते विकत घेऊन दारूच्या गुत्त्यात, हॉटेलात नाही तर क्रीडागृहात ठेवी आणि आठवड्याच्या शेवटी नाणी मोजी. त्याला गिऱ्हाइकाने पुन्हापुन्हा नाणे टाकायला हवे असे, आणि डाव लवकर संपायला हवा असे. शौकिनाची गरज याच्या नेमकी उलट. तेव्हा तिजोरीचे माप रसिकाच्या कामाचे नाही, हे शौकिनांनी ओळखले आणि स्वतःची मापे तयार केली.

ही मापे पाहण्यासारखी आहेत. शौकीन यंत्राला एकच एक गुण देत नाही. तो अंगांचे गुण वेगवेगळे देतो. फळ्याची मांडणी कशी आहे, म्हणजे फटके मारताना गोळी वाहती राहते की अडखळते? नियम कसे आहेत, डावाला काही चढती कमान आहे काय? चित्रकाम कसे आहे? आवाज आणि संगीत कसे आहे? फळ्यावरची हलती खेळणी नुसती शोभेची की खेळात भाग घेणारी? आणि शेवटी दोन मापे अशी की जी मला फार मार्मिक वाटतात. एक, निव्वळ गंमत किती. आणि दुसरे, ही गंमत टिकते किती दिवस. पहिल्या डावाला मजा देणारे यंत्र पाचशेव्या डावाला देईलच असे नाही, आणि याच्या उलटही घडते. १९९३ चे पॅट लॉलर यांचे 'ट्वायलाइट झोन' घ्या. त्यात चालते घड्याळ आहे, गोळ्या साठवणारे एक बरणीसारखे यंत्र आहे, आणि नेहमीच्या पोलादी गोळ्यांत एक चिनी मातीची पांढरी गोळी मिसळलेली आहे. ती हलकी म्हणून वेगाने पळते आणि तिला लोहचुंबक ओढत नाही. नवखा माणूस या गर्दीत बावरून जातो. मुरलेला खेळाडू मात्र वर्षानुवर्षे त्यात नवे काही शोधत बसतो. आता या यंत्राला गुण द्यायचे ते नवख्याने की मुरलेल्याने?

येथून अडचणींना सुरुवात होते, आणि माझ्या व्याख्यानाचा मुख्य भागही येथूनच सुरू होतो.

पहिली अडचण थोड्या मतांची. समजा, एक दुर्मिळ यंत्र आहे. ते फक्त चौघांनी खेळले आणि चौघांनीही दहापैकी दहा गुण दिले. दुसरे यंत्र हजार जणांनी खेळले आणि त्याची सरासरी साडेआठ आली. नुसती सरासरी पाहिली तर पहिले यंत्र वर जाईल. पण हे आपल्या मनाला पटत नाही. चार मते म्हणजे चार मित्रही असू शकतील. यावर जाणत्यांनी एक तोड काढली आहे. प्रत्येक यंत्राच्या खात्यावर आरंभीच काही काल्पनिक मध्यम मते जमा करायची. समजा, सात गुणांची पन्नास मते. आता हिशेब करा. पहिल्या यंत्राचे खरे गुण चाळीस, काल्पनिक साडेतीनशे, एकूण तीनशे नव्वद. भागिले चोपन्न मते, म्हणजे सुमारे ७.२. दुसऱ्याचे साडेआठ हजार अधिक साडेतीनशे, भागिले एक हजार पन्नास, म्हणजे सुमारे ८.४. क्रम सरळ झाला. यात कोणावर अन्यायही नाही. नवख्या माणसाला आपण आरंभी मध्यम समजतो आणि त्याच्याविषयी जसजसे अधिक कळते तसतसे मत बदलतो. शहाणा सासरा नव्या जावयाविषयी हेच करतो.

दुसरी अडचण परीक्षकांची. काही परीक्षक सढळ, काही कडक. एकजण सर्व यंत्रांना नऊच्या खाली उतरत नाही. दुसरा सहाच्या वर चढत नाही. सढळाचे आठ म्हणजे नापसंती, आणि कडकाचे सहा म्हणजे गौरव. म्हणून त्या परीक्षकाने इतर यंत्रांना काय दिले आहे, त्याच्याशी ताडून मगच त्याचा आकडा वाचला पाहिजे. आपल्याकडे परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको.

तिसरी अडचण स्वभावाची आहे आणि तिला आपल्या भाषेत फार सुंदर नाव आहे: आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे. पूर्वी ही यंत्रे धंद्याच्या जागी असत. आज त्यांतली पुष्कळशी शौकिनांच्या घरी आहेत. ज्या गृहस्थाने चारचाकी गाडीच्या किमतीचे यंत्र घरी आणले, बायकोची समजूत घातली, दिवाणखान्यातला सोफा हलवला, त्याला विचारा की यंत्र कसे आहे. तो 'साधारण आहे' असे म्हणेल काय? त्याच्या गुणांत त्याने मोजलेल्या पैशांचेही गुण मिसळलेले असतात.

चौथी अडचणही आपल्या म्हणीत बसते: नव्याचे नऊ दिवस. नवे यंत्र निघाले की पहिल्या महिन्यात ज्यांनी उत्साहाने ते घेतले त्यांचीच मते येतात. यंत्र यादीत उसळी मारते आणि वर्ष-दोन वर्षांत हळूहळू खाली बसते. याचा अर्थ नवे ते खोटे असा मात्र करू नये. २०२१ मध्ये स्टर्न कारखान्याचे 'गॉडझिला' निघाले. त्याचा रचनाकार कीथ एल्विन हा आधी स्पर्धांत जिंकणारा नामांकित खेळाडू होता. हे यंत्र येताच वर चढले, आणि नऊ दिवस सरल्यावरही अग्रभागी राहिले. नवेपणाची सूज कोणती आणि अंगची पुष्टी कोणती, हे ओळखायला काळाखेरीज वैद्य नाही.

पाचवी अडचण पिढीची. मत देणारा बहुधा त्याच्या तरुणपणी जी यंत्रे होती त्यांच्याकडे झुकतो. १९५० किंवा १९६० च्या यंत्रांवर ज्यांनी आपले तारुण्य घालवले ते आता थोडे उरले आहेत. त्या यंत्रांत पडदा नाही, बोलणारा आवाज नाही. आकड्यांची चाके फिरतात आणि घंटी वाजते. त्यांचे सौंदर्य साधेपणात आहे. त्यांना आजच्या यंत्रांच्या रांगेत उभे करून नियमांच्या गुंतागुंतीचे गुण देणे, म्हणजे भावगीताला ख्यालाच्या मापाने मोजणे होय. म्हणून समंजस शौकीन जुन्या विद्युत-यांत्रिक यंत्रांची यादी निराळी करतात. मला हे योग्य वाटते.

आणि एक सहावी अडचण, लहान दिसणारी, पण अन्यायकारक. यंत्र नादुरुस्त असू शकते. फ्लिपरचा जोर कमी झालेला, रबरे सुकलेली, फळा मळलेला, उतार चुकलेला; अशा यंत्रावर कोणी दोन डाव खेळतो आणि त्या नमुन्यालाच नापास करतो. गवई चांगला होता, तंबोरा बेसूर होता. दोष मात्र गवयाच्या माथी बसला.

या सर्व अडचणी पाहून काहीजण म्हणतात, गुण देण्याचा नाद सोडा. माणसाला आठ की साडेआठ हे सांगता येत नाही, पण दोन वस्तू समोर ठेवल्या तर हिच्यापेक्षा ती बरी, हे त्याला चटकन सांगता येते. ही कल्पना शास्त्रात मांडणाऱ्यांपैकी एक लुई थर्स्टन. १९२७ मध्ये त्याने तुलनेवरून मापन करण्याचा नियम मांडला. आणि योगायोग असा की, हा प्राध्यापक पिनबॉलच्या त्याच शिकागो शहरातल्या विद्यापीठात शिकवीत होता. पुढे आर्पाद एलो या मूळच्या हंगेरियन गृहस्थाने बुद्धिबळपटूंसाठी अशीच पद्धत बसवली. जागतिक बुद्धिबळ संघटनेने ती १९७० मध्ये स्वीकारली. दोन यंत्रांची जोडी समोर ठेवा, एकाला जिंकवा. बलवानाला हरवले तर गुण अधिक, दुबळ्याला हरवले तर कमी. शेकडो लढती झाल्या की क्रम आपोआप तयार होतो. आपल्याकडे कुस्तीच्या फडात मल्लांची योग्यता अशीच ठरत आली आहे. कोणाला किती गुण हे विचारत नाहीत, कोणाला चीतपट केले ते विचारतात.

ही पद्धत निर्दोष वाटते. पण हिच्या पोटात एक विलक्षण कोडे दडलेले आहे. तीन मित्र आहेत आणि तीन यंत्रे आहेत: 'मेडीव्हल', 'ट्वायलाइट' आणि 'ॲडम्स'. पहिल्या मित्राचा आवडीचा क्रम मेडीव्हल, ट्वायलाइट, ॲडम्स. दुसऱ्याचा ट्वायलाइट, ॲडम्स, मेडीव्हल. तिसऱ्याचा ॲडम्स, मेडीव्हल, ट्वायलाइट. आता जोड्या लावा. मेडीव्हल की ट्वायलाइट? पहिला आणि तिसरा म्हणतात मेडीव्हल. दोन विरुद्ध एक. ट्वायलाइट की ॲडम्स? पहिला आणि दुसरा म्हणतात ट्वायलाइट. दोन विरुद्ध एक. मग मेडीव्हल हे ॲडम्सहून वरचढ असायला हवे. पण विचारून पाहा: दुसरा आणि तिसरा म्हणतात ॲडम्स! क्रम सरळ न राहता त्याचे वर्तुळ झाले. तिघांपैकी प्रत्येकजण शहाणा आहे, प्रत्येकाचे मन स्पष्ट आहे, आणि तरी तिघांच्या मंडळाला मन नाही.

हे कोडे नवे नाही. फ्रान्सचा विचारवंत काँदोर्से याने ते १७८५ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच्याआधी बोर्दा या दुसऱ्या फ्रेंच पंडिताने क्रमांकांना गुण देऊन बेरीज करण्याची पद्धत सुचवली होती. पण वरच्या उदाहरणात ती लावली तर तिघांची बेरीज सारखीच येते, म्हणजे उत्तर मिळत नाही. गंमत पाहा, पॅरिसच्या एका टोकाला बगातेलच्या महालात सरदार मंडळी गोळ्या उडवीत होती, आणि त्याच काळात त्याच शहरात हे दोन पंडित बहुमताचे मन कसे मोजावे याचा खल करीत होते. दोनशे वर्षांनी या दोन वाटा पिनबॉलच्या यादीत एकत्र आल्या.

यावर कोणी विचारील, "काय बिघडले? यंत्रांचा क्रम चुकला म्हणून कोणाचे घर बुडते?" मंडळी, माझ्या मते येथे खरोखरच काही बिघडू शकते आणि सुधारूही शकते, आणि तेवढे सांगून मी आवरते घेतो.

'मेडीव्हल मॅडनेस' निघाले त्या वेळी धंदा उतरणीला लागला होता. मुले घरच्या पडद्यावर खेळू लागली होती. १९९९ मध्ये विल्यम्स कारखान्याने पिनबॉलचा विभाग बंद केला. जाणकार ज्यांना या कलेचा कळस म्हणतात ती यंत्रे या अखेरच्या चार-पाच वर्षांतली आहेत, हे लक्षात घ्या. बाजाराने त्यांना ओळखले नाही. त्यानंतर सुमारे दहा वर्षे गॅरी स्टर्न यांचा एकच कारखाना हे दिवे तेवत ठेवीत होता. या अंधारात या यंत्रांची आठवण कोणी ठेवली? शौकिनांनी, आणि त्यांच्या या वेड्यावाकड्या याद्यांनी. तुटलेले भाग कोणी घडवले, जुन्या फळ्यांवर रंग कोणी भरला, तर ज्यांनी यादी वाचून ठरवले की हे वाचवण्याजोगे आहे, त्यांनी. आणि अखेर २०१५ मध्ये 'मेडीव्हल मॅडनेस' पुन्हा कारखान्यात घडू लागले. पाठोपाठ 'अटॅक फ्रॉम मार्स'ही आले. अठरा वर्षांपूर्वीचे यंत्र रसिकांच्या आग्रहावरून पुन्हा जन्माला आले. खपाच्या वहीत जे चार हजारांवर थांबले होते ते आवडीच्या वहीने पुढे चालवले.

ही यादीची पुण्याई. पण तिचे पापही आहे. जे यंत्र यादीत वर त्याची किंमत वाढते, किंमत वाढली की त्याची निगा राहते, निगा राहिली की अधिक लोक ते सुस्थितीत खेळतात, आणि मग त्याला आणखी गुण मिळतात. जे खाली गेले त्याला गिऱ्हाईक नाही. ते सुटे करून त्याचे भाग दुसऱ्या यंत्रात घालतात. मग ते खेळायलाच मिळत नाही. आणि जे खेळायला मिळत नाही त्याला मत कोण देणार? म्हणजे यादी नुसती मोजत नाही, ती घडवतेही. वजन करणारा काटाच मालाचे वजन बदलू लागला, तर व्यापाऱ्याने किती सावध असले पाहिजे! म्हणूनच अमेरिकेत अलमेडा येथे किंवा हंगेरीत बुडापेस्ट येथे जी पिनबॉलची संग्रहालये उभी राहिली, त्यांचे मला मोल वाटते. तेथे शंभराव्या क्रमांकाच्या पलीकडचे यंत्रही चालू स्थितीत ठेवलेले असते आणि कोणालाही त्यावर खेळता येते. यादी सांगते काय आवडले. संग्रहालय म्हणते, तुम्हीच खेळून पाहा.

तेव्हा यादी मोडून टाकावी काय? नाही. यादी कशी वाचावी हे शिकावे. मुरलेले शौकीन ती अशी वाचतात: पहिले आणि तिसरे यांतला फरक ते मानत नाहीत, पहिले आणि ऐंशीवे यांतला मानतात. किती जणांनी मत दिले ते आधी पाहतात. एकूण गुणांपेक्षा अंगांचे गुण पाहतात. कारण एकाला चित्र हवे असते, दुसऱ्याला वेग. आपल्यासारखी आवड असलेला एखादा परीक्षक शोधून काढतात आणि हजारांच्या सरासरीपेक्षा त्या एकाच्या मतावर अधिक विसंबतात. आणि सरतेशेवटी खिशातून नाणे काढून स्वतः खेळतात. सर्व गणित त्या नाण्यापर्यंत पोचवण्यासाठी असते. त्या नाण्याच्या जागी बसण्यासाठी नसते.

भगिनींनो आणि बंधूंनो, थोड्याच दिवसांत आपल्या गावात परीक्षांचे निकाल लागतील. घराघरांत आकडे येतील. कोणाचा मुलगा वर, कोणाची मुलगी खाली. त्या वेळी माझ्या या खेळण्याच्या यंत्राची आठवण ठेवा, एवढीच माझी विनंती आहे. पिनबॉलच्या निर्जीव पेटीचा न्याय करताना शौकिनांना किती विचार करावा लागला ते आपण पाहिले: परीक्षक कडक होता की सढळ, मोजणी किती वेळा झाली, यंत्र त्या दिवशी सुस्थितीत होते काय, आणि मुळात आपण मोजत होतो ते काय. पेटीसाठी जर इतके प्रश्न विचारायचे, तर मुलासाठी निदान तेवढे तरी विचारू या. आणि खालच्या क्रमांकाच्या कोणाचेही भाग सुटे करून दुसऱ्यात घालू नयेत, एवढे सांभाळू या.